तिरसट म्हातारा आणि नऊ वर्षांचा पोरगा: २२ मिनिटांच्या लघुपटाचा मधला भाग ढिला पडतोय

कडीकोयंडा

नमस्कार मंडळी. पटकथेचा चौथा खर्डा (२२ पानं) झालाय. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यात चित्रीकरण करायचं आहे. या मंचावर लिहिणारे, कॅमेरा, ध्वनी आणि सहदिग्दर्शन करणारे बरेच जण आहेत, म्हणून सगळं एकदम मांडतो.

गोष्ट अशी. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक, वय ६८, एकटा. सगळी चाळ त्याला ‘मिस्त्री’ म्हणते. तो कुणाशी धड बोलत नाही. शेजारच्या खोलीत एक नर्स आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा सोहम राहायला येतात. आईची ड्यूटी दुपारी दोन ते रात्री आठ, सोहमची शाळा सकाळची. नाइलाजाने किल्ली मिस्त्रीकडे ठेवली जाते. सोहमची सायकल पंक्चर होते, मिस्त्री पंक्चर काढून देतो, तिथून दोघांचं जमायला लागतं. शेवटी मिस्त्री आजारी पडतो, हॉस्पिटलात जातो, सोहम भेटायला येतो, दोघं रडतात.

अडचणी तीन. पहिली सहा पानं वाचताना लोक हसतात, सातव्यापासून सगळं गोडगोड होतं आणि वाचणारा फोन बघायला लागतो. दुसरी, मुलाबरोबर काम करण्याचे नियम नीट माहीत नाहीत, आणि चित्रीकरण तीन दिवसांत बसवलंय. तिसरी, दोघांच्या उंचीत इतका फरक आहे की प्रत्येक फ्रेममध्ये एकाचं डोकं कापलं जातं. दोन कॅमेरे, एक बूम (लांब दांड्यावरचा माइक), दोन लेपल माइक (कपड्याला लावायचे), नऊ जणांचं युनिट. दोन दृश्यांत कुत्रा आहे. मिस्त्री बिडी ओढतो.

पानोपानी

पहिल्या सहा पानांत हसू येतं, कारण तिथे मिस्त्रीला काहीतरी हवंय (शांतता) आणि सोहमलाही काहीतरी हवंय (सोबत), आणि दोन्ही एकत्र मिळू शकत नाहीत. सातव्या पानावर मिस्त्री पंक्चर काढून देतो आणि ही ओढाताण संपते. उरलेल्या सोळा पानांत दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे, एकमेकांची सोबत. मग गोड होणारच. तिरसटपणा मधे संपवायचा नसतो. मिस्त्री शेवटच्या फ्रेमपर्यंत तिरसटच राहिला पाहिजे. फक्त आधी जो तिरसटपणा मुलाला बाहेर ठेवण्यासाठी होता, तोच नंतर मुलाला शिकवण्यासाठी वापरला जातो. शब्द तेच, वापर वेगळा.

तिरसट माणूस लिहिताना त्याला रागीट करू नका, नेमाचा करा. राग सगळ्यांचा सारखाच दिसतो, नेम प्रत्येकाचे वेगळे असतात. चपला कुठल्या दिशेला काढायच्या, पाना वापरून झाल्यावर कुठल्या खिळ्याला टांगायचा, दुपारी दोन ते चार काय करायचं नाही. असे चार-पाच नेम पहिल्या तीन पानांत पेरा. पुढचा विनोद त्यातूनच येतो, वेगळा लिहावा लागत नाही. उदाहरणार्थ:

मिस्त्री: (आतून) दोन ते चार दार वाजवायचं नाही.
सोहम: दार नाही वाजवलं. कडी वाजवली.
मिस्त्री: कडी कुणाची हाय?
सोहम: दाराची.
(शांतता.)
मिस्त्री: काय पायजे?
सोहम: चार वाजायला किती वेळ आहे, ते विचारायचं होतं.

यात पोरगा आगाऊपणा करत नाहीये. त्याला खरंच वेळ विचारायची आहे. मुलाने हे हसत म्हटलं तर दृश्य मेलं. अशा गोष्टींमध्ये सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे वयापेक्षा शहाणा मुलगा, जो म्हाताऱ्याला जगण्याबद्दल दोन वाक्यं ऐकवतो. तुमच्या अकराव्या पानावर असं वाक्य असण्याची दाट शक्यता आहे. असेल तर काढा.

आता मराठीतलं एक हत्यार. सोहम पहिल्यापासून ‘अहो मिस्त्री, तुम्ही’ म्हणतोय. आपल्याकडे नातू सख्ख्या आजोबांना सहज ‘ए आजोबा, तू’ म्हणतो, परक्या म्हाताऱ्याला कधीच नाही. ‘तुम्ही’चं ‘तू’ होणं हाच तुमच्या गोष्टीचा कळस आहे. ते अख्ख्या लघुपटात एकदाच, शेवटून दुसऱ्या दृश्यात, घाईगडबडीच्या एखाद्या वाक्यात येऊ द्या: ‘ए मिस्त्री, थांब की!’ आणि त्यावर कुणीही काहीही बोलायचं नाही. मिस्त्रीने चमकून बघायचंसुद्धा नाही. मराठी प्रेक्षकाच्या कानाला ते लागतं. ताकेशी कितानोच्या १९९९च्या ‘किकुजिरो’मध्ये हेच काम नावाने केलंय. आडदांड माणूस आणि लहान मुलगा अख्खा प्रवास करतात, आणि मुलगा त्याला नाव विचारतो ते अगदी शेवटी.

इंग्रजी सबटायटलमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच होतात. परदेशी महोत्सवात पाठवणार असाल तर सुरुवातीपासून सबटायटलमध्ये ‘सर’ किंवा ‘मिस्टर’ ठेवा आणि त्या एका वाक्यात ते गाळा.

हॉस्पिटलबद्दल स्पष्टच सांगतो. मराठी पडद्यावर म्हातारा, लहान मुलगा आणि हॉस्पिटलचा कॉरिडॉर एका फ्रेममध्ये आले की २००४चा ‘श्वास’ डोळ्यांपुढे येतो. त्यात आजार हीच गोष्ट होती आणि ती पहिल्या दृश्यापासून होती. तुमच्याकडे आजार सतराव्या पानावर येतो, कारण शेवट सुचलेला नाही. मिस्त्रीला चार दिवस गायब करायचं असेल तर करा, पण कॅमेरा त्याच्या मागे नेऊ नका. सोहमबरोबर चाळीतच राहा. बंद दार, खिळ्याला टांगलेला पाना, आणि हवा गेलेली मिस्त्रीची स्वतःची सायकल. ती सायकल सोहमने दुरुस्त करायची. शेवट तुमच्या सातव्या पानातच पडलेला आहे.

भिंतीवरच्या पुणेरी छापाच्या पाट्या टाळा. त्यावरचं हसू प्रेक्षकाने मोबाइलवर खर्चून टाकलंय.

तिसरी घंटा

नियमांचं आधी, कारण ते कळलं की तुमचं वेळापत्रक मोडणार आहे.

बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम करता येतं, पण अटींवर, आणि त्या अटी २०१७च्या नियमांत आहेत. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम विश्रांतीशिवाय नाही. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरांची, आधी परवानगी. त्यासाठी ‘फॉर्म सी’मधलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेला जबाबदार असलेल्या युनिटमधल्या माणसाचं नाव द्यावं लागतं. हमीपत्र सहा महिने चालतं. चार दृश्यं साताऱ्यात आणि एक पुण्यात घेतलं तर पुण्याचं वेगळं काढा. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस. तुमच्याकडे एकच मूल असलं तरी तो माणूस लागतोच, आणि त्या माणसाकडे दुसरं काम देऊ नका. मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. लघुपटात मुलाचा छळ, दुर्लक्ष किंवा शोषण होऊ नये म्हणून सर्व काळजी घेतल्याचं निवेदन टाकायचं. आणि मुलाची इच्छा नसेल तर काम करून घ्यायचं नाही, हेही नियमातच आहे. हे शेवटचं रोज सकाळी त्यालाच विचारा, आईबापांना नको.

आता गणित. तीन दिवस गुणिले पाच म्हणजे पंधरा तास. त्यातून मेकअप, खाणं, कंटाळा वजा केला की कॅमेऱ्यासमोर दहा-अकरा उरतात. सोहम २२पैकी किमान सोळा पानांत असणार. सोळा पानं अकरा तासांत होत नाहीत. झाली तरी पोरगं तिसऱ्या दिवशी दुपारी गळून जाईल आणि सगळ्यात नाजूक दृश्य नेमकं तेव्हाच ठेवलेलं असतं. चार दिवस करा. मुलाला सकाळी साडेआठला बोलवा, दीडला मोकळं करा. दुपारी मिस्त्रीचे एकट्याचे शॉट, वस्तूंचे क्लोजअप, आणि सोहमच्या जागी कुणी उभं करून मिस्त्रीच्या प्रतिक्रिया. आई आठला परतते ते दृश्य रात्री घेऊ नका. खिडक्यांना बाहेरून काळं कापड लावा आणि सकाळी अकराला घ्या.

मूल निवडताना अभिनयाआधी दात बघा. पुढचे वरचे दात साधारण सहा ते आठ या वयात पडतात आणि नवे येतात. सुळे आणि दाढांची पाळी त्यानंतर बाराव्यापर्यंत. समोरचे चार पक्के आलेलं मूल घेतलं तर दोन महिन्यांनी पॅचवर्क (राहिलेले शॉट पुन्हा घेणं) करावं लागलं तरी चेहरा जुळतो. बारा वर्षांचं मूल नऊचं म्हणून खपवू नका, डबिंग लांबलं की आवाज फुटायला लागलेला असतो. आणि चित्रीकरण संपेपर्यंत केस कापायचे नाहीत, हे घरच्यांना लिहून द्या. शाळेच्या धाकाने आदल्या रविवारी कापले जातात.

संवाद पाठ करून घेऊ नका. पालक पाठ करून घेतात आणि वाक्याचा सूर पक्का होतो, मग तो कुणाच्याने बदलत नाही. दृश्यात काय घडतं ते सांगा, ओळी त्या सकाळी द्या. भावना सांगू नका, काम सांगा. ‘तू आता दुःखी आहेस’ याने मूल तोंड पाडतं. ‘हा नट फिरवून काढ, पण आवाज होऊ द्यायचा नाही’ याने ते खरंच गप्प आणि एकाग्र होतं. रडवण्यासाठी खोटं सांगणं, घाबरवणं हा छळ आहे, तो प्रश्नच येत नाही. पाठमोरा घ्या. नऊ वर्षांच्या मुलाची मान आणि खांदे पुरेसं सांगतात.

कुत्रा काढा. प्राणी कॅमेऱ्यासमोर आणायचा तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आधी परवानगी आणि नंतरचे कागद लागतात. दोन दृश्यांसाठी एवढं करण्यापेक्षा भुंकणं बाहेरून ऐकू येऊ द्या. बिडीही काढा. तंबाखू दिसली की सुरुवातीला आणि मध्ये प्रत्येकी ३० सेकंदांची आरोग्यसूचना, शिवाय प्रत्येकी २० सेकंदांचं निवेदन, आणि दृश्य चालू असताना खाली इशारा. २२ मिनिटांत शंभर सेकंद गेले. अडकित्ता द्या. सुपारी कातरण्याचा आवाज हा उत्तम ‘नाही’ असतो.

पस्तीस मिमी

उंचीचा प्रश्न लेन्सने सुटत नाही, बसवण्याने सुटतो. नऊ वर्षांच्या मुलाची उंची साधारण १३० सेंटिमीटर, डोळे जमिनीपासून १२०च्या आसपास. तुमचा नट १६५ ते १७०चा असेल तर उभं असताना त्याचे डोळे १५५ ते १५८वर. म्हणजे जवळजवळ हातभर फरक. पण तोच माणूस ४५ सेंटिमीटरच्या खुर्चीवर बसला की त्याचे डोळे १२०च्या जवळ येतात. बसलेला म्हातारा आणि उभा मुलगा, नजर समोरासमोर.

हे पटकथेशी जोडा. पहिल्या तीन दृश्यांत मिस्त्री उभा, दारात, एक पायरी वर. कॅमेरा सोहमच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि मिस्त्रीचं डोकं फ्रेमबाहेर कापलं जाऊ द्या. तुम्ही ज्याला अडचण म्हणताय तीच सुरुवातीला हवी आहे. मुलाला पोट, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आणि वरून येणारा आवाज एवढंच दिसतं. पंक्चरच्या दृश्यात मिस्त्री बसतो आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा मुलाच्या फ्रेममध्ये येतो. दोन-तीन इंचांचे फरक ॲपल बॉक्सने (पायाखाली ठेवायच्या लाकडी खोक्यांनी) भरा: फुल आठ इंच, हाफ चार, क्वार्टर दोन, पॅनकेक एक.

एक मात्र जपा. ६८ वर्षांच्या माणसाला उकिडवं बसवून आठ टेक घेऊ नका, तिसऱ्यानंतर चेहऱ्यावर गुडघे दिसायला लागतात. वीसेक सेंटिमीटरचं बुटकं स्टूल द्या. फ्रेममध्ये दिसलं तरी मेकॅनिककडे ते असतंच.

दोन कॅमेरे समोरासमोर लावू नका. प्रकाश दोन्हीकडे सांभाळताना दोन्ही बाजू मध्यम होतात. दोन्ही मुलावर लावा, एकावर ५० मिमीची लेन्स, दुसऱ्यावर ८५ची, शेजारीशेजारी. मुलाचा चांगला टेक एकदाच येतो, तो दोन मापांत मिळाला की संपादनात जीव वाचतो. मिस्त्रीची बाजू नंतर घ्या, सोहमच्या डोळ्यांच्या जागी स्टँडवर १२० सेंटिमीटरला चिकटपट्टी लावून. तो अनुभवी नट असेल तर पट्टीशी बोलेल.

आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश घेणारं छिद्र, पूर्ण उघडू नका. सुपर ३५ मापाचा सेन्सर, ५० मिमी, दोन मीटर अंतर, एफ २ला फोकसची खोली तेरा सेंटिमीटरच्या आसपास असते. मूल पुढे झुकलं की गेलं. एफ ४ला ती दुप्पट होते. पार्श्वभूमी थोडी जास्त दिसेल, दिसू द्या. चाळ आहे ती.

विनोदाची दृश्यं, विशेषतः वरचं कडीवालं, रुंद टू-शॉटमध्ये (दोघं एकाच फ्रेममध्ये) एकसलग घ्या. मधली शांतता संपादनाने नाही, नटांनी ठरवलेली असली की हसू येतं.

कानोसा

चाळ, फरशी, रिकाम्या खोल्या, म्हणजे घुमणार. कॅमेऱ्यामागच्या भिंतींवर आणि खाली फरशीवर गोधड्या टाका, जितक्या मिळतील तितक्या. पंखा बंद. फ्रीज बंद, आणि ज्याने बंद केला त्याने आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते. शेजाऱ्यांच्या कुकरच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर फटाके ओसरल्यावरचे दिवस घ्या, लक्ष्मीपूजन ते भाऊबीज सोडून.

मूल एक वाक्य पुटपुटतं आणि पुढचं ओरडतं. पातळी ओरडण्यावर बसवा, आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि रेकॉर्डरला सोय असेल तर तोच माइक दुसऱ्या ट्रॅकवर दहा डेसिबल खाली ठेवा. शाळेचा टेरिकॉटचा शर्ट लेपलला घासतो. आत सुती बनियन घाला आणि माइक बनियनला लावा. प्रत्येक जागेचा एक मिनिट रिकामा आवाज (कुणीच बोलत नसतानाचा), युनिट तिथेच उभं असताना घ्यायचा, सगळे निघून गेल्यावर नाही. खोलीत नऊ माणसं असताना खोली वेगळी ऐकू येते.

कडीकोयंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. कुत्रा, बिडी, हॉस्पिटल तिन्ही काढले. अकराव्या पानावर ते वाक्य खरंच होतं, तेही गेलं. चार दिवस करतोय.

आता पंक्चर हाच कणा झालाय: मिस्त्री काढतो, सोहम काढतो पण चुकतो, शेवटी सोहम एकटा मिस्त्रीच्या सायकलचं काढतो. पण मी सातव्या पानावर फक्त ‘मिस्त्री पंक्चर काढतो’ एवढंच लिहिलंय. कुणी नीट सांगेल का, हात नेमके काय काय करतात, सोहमने काय चुकावं, आणि रिटेकला काय करायचं?

पाना-पकड

सोहमची सायकल २० इंची धरतो, मिस्त्रीची जुनी २८ इंची. दोन्हींचं काम एकाच क्रमाने होतं.

सायकल सीट आणि हँडलवर उलटी. व्हॉल्व्ह सैल करून उरलेली हवा सोडायची. टायर उचकटायच्या दोन पट्ट्या दहा सेंटिमीटर अंतरावर घालून टायरची एक बाजू रिमबाहेर काढायची. चाक काढायची गरज नाही, ट्यूब तशीच ओढून बाहेर येते. ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवायची. बुडबुडे आले तिथे खूण. ट्यूब पुसून कोरडी. काचपेपरने पॅचपेक्षा मोठी जागा घासायची, काळी चकाकी जाऊन ती राखाडी दिसेपर्यंत, आणि त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही. सोल्युशनचा पातळ थर. मग थांबायचं. तीन ते पाच मिनिटं, ओलसर चमक जाईपर्यंत. मग पॅच, मधून कडेकडे दाबत. पुन्हा पाण्यात तपासायचं. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, सावकाश, पूर्ण गोल. शेवटी टायर हाताने बसवायचा, पट्टीने नाही. पट्टीने बसवताना ट्यूब चिमटली की नवं भोक पडतं.

तुमच्या गोष्टीसाठी या सगळ्यात तीन जागा सोन्यासारख्या आहेत.

पहिली, भोक कुठे आहे यावरून पंक्चर कसं झालं ते कळतं. बाहेरच्या अंगाला एक बारीक छिद्र असेल तर काटा किंवा खिळा. आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर रिमची पट्टी सरकून आऱ्याचं टोक टोचलंय. आणि शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना सायकल आपटली, ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेचली गेली. सोहम सांगणार, ‘काटा लागला.’ मिस्त्री ट्यूब पाण्यातून काढून दोन चिरांकडे बघणार. ‘काट्याला दोन दात असत्यात व्हय?’ पोरगं जिन्यावरून सायकल उतरवत होतं, हे त्याला बघितल्याशिवाय कळलं. खोटं पकडलं गेलं, पण तक्रार आईकडे गेली नाही. माझ्या मते दोघांचं इथे जमतं, पंक्चर काढून दिल्यामुळे नाही.

दुसरी, सोल्युशन वाळेपर्यंतची पाच मिनिटं. त्या वेळात दोघांच्याही हाताला काम नसतं आणि उठून जाताही येत नाही. जे काही बोलायचं ते इथेच बोललं जाईल, आणि थोडकंच. सोहमची चूकही इथलीच ठेवा: त्याला धीर निघत नाही, तो ओल्यावरच पॅच दाबतो, पॅच सरकतो, पाण्यात बुडवल्यावर कडेने बुडबुडे. नवशिक्याची अगदी नेहमीची चूक आहे, कुणालाही पटेल.

तिसरी, टायरच्या आतून बोट फिरवणं. ते विसरलं तर खिळा टायरमध्येच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर. पहिल्यांदा मिस्त्री फिरवतो, काही न सांगता. शेवटी सोहम मिस्त्रीच्या टायरमधून बोट फिरवतो, तेव्हा कॅमेरा त्या बोटावरच ठेवा. प्रेक्षकाला आधीचं आठवेल. फक्त मुलाच्या बोटाखाली खरा खिळा ठेवू नका. टायरमध्ये बाभळीच्या काट्याचं बोथट केलेलं टोक पुरतं. खऱ्या काचपेपरऐवजीही झिजलेला द्या, आणि सोल्युशनचा वास उग्र असतो, म्हणून ते दृश्य व्हरांड्यात, उघड्यावर.

रिटेकसाठी: घासलेली, सोल्युशन लावलेली ट्यूब पुन्हा कोरी होत नाही. २० इंचीच्या सहा ट्यूब आणा, २८ इंचीच्या चार. नवी ट्यूब पावडर लागलेली, चकाकणारी असते, आदल्या दिवशी माती आणि ओल्या फडक्याने जुनी करून ठेवा. दोन चिरा सगळ्या ट्यूबवर व्हॉल्व्हपासून एकाच अंतरावर पाडा, मोजून, म्हणजे मध्येच ट्यूब बदलली तरी शॉट जुळतो. तीन टप्प्यांच्या तयार ठेवा: नुसती पंक्चर, घासलेली, आणि पॅच लावलेली. पंपाची वॉशर आधी तपासा. कॅमेरा चालू असताना हवा मागे फुसकली की नटाचा सगळा रुबाब जातो. घमेल्यातलं पाणी दर टेकला बदलायचं नाही, गढूळ होऊ द्या. पण पातळीची खूण करा, ट्यूब बाहेर काढताना प्रत्येक वेळी पाणी कमी होतं.

कानोसा

यात भर: पाण्यातल्या बुडबुड्यांचा आवाज चित्रीकरणात मिळणार नाही. खोली शांत असताना माइक घमेल्याजवळ वीतभर अंतरावर धरून वेगळा रेकॉर्ड करा, तीन मिनिटं. काचपेपरचा, अडकित्त्याचा आणि व्हॉल्व्हमधून हवा सुटण्याचाही.

कडीकोयंडा

शेवटचं दृश्य असं होतंय. मिस्त्री परत येतो, पिशवी खाली ठेवतो, स्वतःच्या सायकलचा टायर अंगठ्याने दाबून बघतो. ‘हवा जास्त झालीय.’ व्हॉल्व्ह जरा सैल करून थोडी सोडतो. पिशवी हँडलला अडकवून निघतो. सोहम मागून पळत, ‘ए मिस्त्री, थांब की!’ मिस्त्री थांबत नाही, पण पायडल मारायचं थांबवतो.

पाना-पकड

चालेल. २८ इंचीचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) पायडल थांबलं की टकटक वाजतं, तो आवाज स्वच्छ मिळायला हवा. चेनला तेल द्या, फ्रीव्हीलला देऊ नका.

पानोपानी

कागदावर तिथेच संपवा. तो वळून बघतो असं लिहिलं असेल तर खोडा.